रानात जा, पण बैठक घरी ठेवून

वाचकाचं पत्र

आम्ही नऊजण आहोत, पाच बायका आणि चार पुरुष, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतले. कुणी रस्त्यासाठी जाणारी पिकाऊ जमीन वाचवायच्या लढ्यात, कुणी मराठी शाळा टिकवण्याच्या कामात, दोघी बचत गटांच्या. तिघांवर आंदोलनाच्या केसेस आहेत, तारखा चालू आहेत. मला रात्री दोनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. ग्रुपवर मेसेज वाजला तरी छातीत धडधडतं. गेल्या जुलैत दोन दिवस आंबोलीला गेलो. पहिली रात्र वाद घालण्यात गेली, दुसऱ्या दिवशी नुसता पाऊस. जाताना होतो त्याहून दमून परत आलो. आता पुन्हा रानात तीन-चार दिवस जायचं मनात आहे. जागा, कार्यक्रम, खर्च सगळं मीच बघणार आहे. कुठे जावं, कधी, तिथे करावं काय? आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात, ही थेरं आहेत, लढाई सोडून पळणं आहे. त्यांना काय सांगू?

एक कार्यकर्ती, बेळगाव तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडू या: "सगळं मीच बघणार आहे." रात्री दोनला जाग येणाऱ्या बाईने नऊजणांच्या विसाव्याची उठाठेव अंगावर घेतली, तर आठजण विसावतील आणि नववी आणखी खचेल. हे काम चळवळीबाहेरच्या एका माणसाला द्या. निवृत्त शिक्षिका, पोस्टातून निवृत्त झालेले काका, कुणीही चालेल. अट एकच, तुमच्या वादांत त्यांची बाजू नसावी. ते तुमच्याबरोबर राहतील. चावी, पैसे, औषधांची यादी आणि घड्याळ त्यांच्या ताब्यात. दहाव्या माणसाचा खर्च तुम्ही नऊजणांनी वाटून घ्यायचा.

आंबोलीत पाऊस पडला म्हणून बिघडलं नाही. काम तुमच्या मागोमाग तिथे पोचलं म्हणून बिघडलं. फोन चालू, तारीख दोन दिवसांवर, गावात कुणाला काही सांगून ठेवलेलं नाही, मग रात्री बोलणार दुसरं काय? म्हणून जागा शोधण्याआधी प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: त्या चार दिवसांत आपल्यामागे काय काय येऊ शकतं, ते कोण सांभाळणार, आणि कशासाठी खरंच बोलवायचं. तिसऱ्या रकान्यात घरातलं आजारपण, अटक आणि मृत्यू एवढंच येतं. पेपरवाल्याला प्रतिक्रिया हवी, सर्वेअर येणार असं ऐकलंय, ग्रुपवर कुणी काही बोललं, यातलं काहीही त्या रकान्यात बसत नाही. सर्वेअर नोटीस न देता येतच असेल, तर गावातल्या दोघांना वकिलांचा नंबर देऊन ठेवा. "आम्ही चार दिवस नाही" हे गावाला आठ दिवस आधी सांगा. आदल्या रात्री सांगितलं की लोक घाबरून त्याच रात्री सगळी कामं आणून टाकतात.

कधी

आपल्याकडचं वर्ष आंदोलनाच्या तारखांनी भरलेलं आहे. बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून पाळला जाणारा 1 नोव्हेंबरचा काळा दिन, डिसेंबरात बहुधा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आणि त्याभोवतीचे मोर्चे, 17 जानेवारीचा सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसदराचं पेटतं आणि भाताची सुगीही तेव्हाच. शिवजयंती बेळगावात वैशाखात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमाराला. तिच्या तयारीत गल्लीतली मंडळं महिनाभर गुंततात. मग 1 जून, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस. त्यानंतर पश्चिमेकडच्या जांबोटी-कणकुंबी भागात जो पाऊस लागतो, तो सप्टेंबरपर्यंत माणसाला खोलीत कोंडून ठेवतो. नऊ दमलेली माणसं एका खोलीत कोंडली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

उरतो 17 जानेवारीनंतरचा काळ, फेब्रुवारी संपेपर्यंत. त्यातला दुसरा शनिवार धरा. त्या दिवशी कोर्ट आणि सरकारी कचेऱ्या बंद, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे तारीख लागायची भीती नाही. शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी सकाळी परत. तीन रात्री हव्यातच. नव्या जागेत पहिल्या रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री अंग सैल पडायला लागतं आणि झालाच तर फायदा तिसऱ्या रात्री होतो. दोन रात्रींची सहल म्हणजे अर्ध्यावर सोडलेलं औषध. महाशिवरात्र टाळा; नदीकाठच्या देवळांत त्या दिवसांत मुंगीला शिरायला जागा नसते.

कुठे

खानापूर ते जांबोटी आणि पुढे कणकुंबीकडच्या पट्ट्यात खासगी शेतघरं आणि होमस्टे आहेत. त्यातलंच एखादं घ्या. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत ओळखीपाळखीने मुक्काम करायच्या भानगडीत पडू नका. 2011 पासून ते अभयारण्य आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरलात तर गुन्हा होतो. अंगावर आधीच केसेस असलेल्यांना ही भर कशाला? आसोगा जवळचं आणि सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे डबे घेऊन आलेली गर्दी असते. राजहंसगडाचंही तेच.

दुसरी गोष्ट सीमाभागाबाहेरच्या माणसाला सुचणारही नाही. ज्या तिघांवर केसेस आहेत, त्यांचे जामिनाचे आदेश वकिलांकडून वाचून घ्या. जिल्हा किंवा राज्य सोडायचं नाही, अमुक वारी ठाण्यात हजेरी द्यायची, अशी अट असू शकते. वैजनाथचा डोंगर बेळगावातून दिसतो, पण तो चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. चोर्ल्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलात की गोवा. "इथेच तर आहे" म्हणत गाडी काढायची आणि नकळत अट मोडायची, हे आपल्या भागात फार सोपं आहे.

जागा बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. शनिवारी रात्री नऊला जा आणि अंगणात पाव तास नुसतं उभं राहा. शेजारच्या रिसॉर्टचा डीजे ऐकू आला तर जागा बाद. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तरी बाद. मुख्य रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत असलेलं बरं. बायकांच्या खोलीला आतून कडी आहे का, संडास किती पावलांवर, वाटेत दिवा आहे का, हे स्वतः चालून बघायचं. मालकाकडून पूर्ण जागा मागायची. एका खोलीत जरी वाढदिवसाची पार्टी उतरली तरी तुमचे तीनही दिवस गेले.

एखाद्या पुढाऱ्याने शेतघर फुकट देऊ केलं तर हात जोडून नको म्हणा. शनिवारी संध्याकाळी तो चार कार्यकर्ते आणि फोटोवाला घेऊन हजर होतो.

लपूनछपून मात्र काही करू नका. होमस्टेच्या वहीत सगळ्यांची खरी नावं आणि ओळखपत्रं द्या. बॅनर, घोषणा, ठराव काही नको. बीटवरचा पोलीस चौकशीला आलाच तर एकट्या त्या दहाव्या माणसाने बोलायचं: किती जण, कधीपर्यंत, जागा कुणाची. नऊजण एकदम समजवायला धावले की साध्या चौकशीची बैठक होते.

रानाचे नियम

फेब्रुवारीचं रान कोरडं आणि देखणं असतं. पानं झडलेल्या पांगाऱ्याला आणि सावरीला लाल फुलं आलेली, त्यांवर पाखरांची झुंबड, फांद्यांवर शेकरू. पण हेच दिवस गोचिडीचेही. माकडताप म्हणजे क्यासनूरचा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. खानापूरला लागून असलेल्या गोव्यातल्या सत्तरीत आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण पालापाचोळ्यावर मांडी घालून बसायचं नाही. फिक्या रंगाची पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, पूर्ण बाह्या, आणि उघड्या कातडीला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डीईपीए तेल. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागची जागा आणि गुडघ्यांच्या खोबणी तपासायच्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत कडक ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे न विसरता सांगा, नाहीतर साधा फ्लू म्हणून दिवस वाया जातात.

जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्यालाच चावते. चावा दुखतही नाही, म्हणून कळायला उशीर होतो. कॉट किंवा पलंग, वर मच्छरदाणी, आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. कड नुसती लोंबती ठेवली तर मच्छरदाणी असून नसल्यासारखी. खानापूरच्या दवाखान्यात सर्पदंशाचं औषध शिल्लक आहे ना, हे निघायच्या दिवशी फोन करून विचारा आणि 108 ला सांगता येईल असा पत्ता मालकाकडून लिहून घ्या. "जांबोटीच्या पुढे डावीकडे" एवढ्यावर गाडी पोचत नाही.

अस्वलं आणि गवे या रानात आहेत. उजेड नीट पडल्याशिवाय, म्हणजे साडेसातच्या आत, फिरायला निघायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत अंगणात परत. मलप्रभेच्या काठाला बसा, पाय बुडवा, पण डोहात उतरू नका. वरून पाणी शांत दिसतं, पण तळाचा खडक कुठे संपतो ते गावातल्या पोरांनाच ठाऊक असतं.

फोन

निम्मी गोम इथेच आहे. नुसतं "फोन कमी वापरू या" ठरवलं तर शनिवारी दुपारपर्यंत सगळे भिंतीकडे तोंड करून स्क्रीन बघत असतात. तिकडे रेंज येते-जाते, त्यामुळे माणूस रेंज शोधत गच्चीवर फिरतो, ते आणखी वाईट. म्हणून शुक्रवारी पोचल्यावर फोन बंद करून नावाची चिठ्ठी लावलेल्या कापडी पिशवीत ठेवायचे आणि पिशवी कुलपात. दहाव्या माणसाकडे एक साधा बटणांचा फोन. निघण्याआधी तो नंबर घरी आणि वकिलांकडे द्यायचा. तिथे कुठल्या कंपनीची रेंज लागते ते जागा बघतानाच तपासायचं आणि त्याच कंपनीचं सिम घालायचं. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला घरचा निरोप आहे का, एवढंच तो माणूस बघेल. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे किंवा लहान मूल आहे, त्याने दोन्ही वेळा स्वतः बोलावं. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या दिवशी हात खिशाकडे जातच राहतो. दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, आणि ती नेमकी शेजारी बसलेल्यावर निघते.

दिवस कसा घालवायचा

शुक्रवारी चारच्या आत पोचा. गरम पाण्याची आंघोळ, साडेसातला जेवण, साडेनऊला दिवे बंद. ओळखपाळख, खेळ, उद्घाटनाचं भाषण यातलं काहीही नको. शनिवारी गजर लावायचा नाही. नाश्ता साडेदहापर्यंत झाकून ठेवलेला असावा. कुणी साडेदहाला उठलं तर टोमणा मारायचा नाही. दुपारी पुन्हा झोप. योग, ध्यान, व्याख्यान असं ठासून भरलेलं वेळापत्रक बनवू नका. चळवळीतल्या माणसाला वेळापत्रक दिलं की तो ते पार पाडतो आणि दमतो.

एक गोष्ट मात्र रोज करा. साडेचारला प्रत्येकाने अंगणाच्या नजरेच्या टप्प्यात आपली एक जागा निवडायची, जांभ्याच्या उघड्या खडकावर किंवा प्लास्टिकची खुर्ची टाकून, आणि तिथे चाळीस मिनिटं एकटं बसायचं. दुसऱ्या दिवशी तीच जागा. पहिली दहा मिनिटं डोक्यात तारखा आणि हिशेब चालतात. मग तांबटाचं टुकटुक ऐकू येतं, खडकावरच्या मुंग्यांची वाट दिसते, सावली कुठून कुठे सरकली ते कळतं. काही ध्यान-बिन लावायचं नाही, नुसतं बघायचं. जागा बदलत राहिलात तर फिरणं होतं, बसणं होत नाही.

शनिवारी दुपारनंतर काहींचं डोकं दुखेल, अंग मोडून येईल, एखाद्याला कारण नसताना रडू फुटेल. वर्षानुवर्षं ताणलेलं शरीर सैल सोडलं की साठलेला थकवा असा वर येतो. रडणाऱ्याच्या जवळ एकाने गप्प बसावं, पाणी द्यावं. आठजणांनी मिळून समजूत काढू नये. डोकेदुखी बऱ्याचदा चहाची असते. दिवसाला आठ-दहा कप पिणाऱ्याने एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकतंच. चहा तीन वेळा ठेवा, शेवटचा चारला. बाटलीचं आधीच स्पष्ट बोलून घ्या. गोवा जवळ असल्यामुळे ती पिशवीतून येतेच. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते, आणि जुने हिशेब निघतात तेही त्याच बैठकीत.

संध्याकाळी गप्पा मारा, भजन म्हणा, ओव्या म्हणा. मोर्च्यातली गाणी नकोत. त्यांतलं एक सुरू झालं की दहा मिनिटांत मुठी वळतात.

रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता एकच तास कामाचं बोलायचं. प्रत्येकाला सहा मिनिटं, घड्याळ दहाव्या माणसाकडे. बोलायचं दोनच गोष्टींवर: पुढचे तीन महिने मी कोणतं एक काम सोडणार, आणि ते कुणाकडे देणार किंवा बंदच पडू देणार. कुणीही उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "मग ते कोण करणार?" हा प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. हा तास वगळलात तर मंगळवारी तुम्ही जिथे होता तिथेच परत याल, कारण थकवा रानाअभावी आलेला नाही, नऊजण पंचवीसजणांचं काम करतात म्हणून आलाय.

जेवण आणि पैसा

स्वयंपाक बायकांवर पडू देऊ नका. "आम्ही करतो की, त्यात काय" असं तुमच्यातल्याच दोघी म्हणतील, तरीही नाही. गावातल्या एका ताईंना चोख मजुरी देऊन सांगा; भांडी घासायची पाळी पुरुषांची. तांदूळ माणशी एका जेवणाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, पोहे माणशी ऐंशी ग्रॅम. दहाजणांना पिण्याचं आणि चहाचं पाणी दिवसाला चाळीस लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. पूर्ण मुक्कामाला सहा पुरतात, एक जास्तीचा ठेवा. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, रात्री भाकरी आणि एक भाजी. जड जेवण आणि मटणाचा बेत सोमवारी घरी गेल्यावर करा. कुंदा न्यायला हरकत नाही. सरपण रानातून आणू नका, गॅस घ्या. थंडी लागते, तेव्हा माणशी एक जाड रग हवाच.

खर्च समान वाटू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा बुडणारा शुक्रवार-सोमवारचा रोजगार आधी खर्चात धरा, मग पगारदारांनी जास्त उचला. प्रत्येकाने आपला आकडा बंद पाकिटात द्यायचा, मोजणार एकटा दहावा माणूस. कमी पडलं तर "इतके कमी पडतात" एवढंच तो सांगेल, कुणी किती दिले ते नाही.

तुमच्या झोपेबद्दल

रात्री दोनला जाग आणि मेसेजने धडधड हे किती आठवडे चाललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर रानाची वाट न बघता आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्या. तीन रात्री डॉक्टरांच्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. बीपी, साखर किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी "रानात कशाला" म्हणत त्या घरी ठेवू नयेत. पाच दिवसांच्या गोळ्या बरोबर हव्यात. नऊजणांपैकी कुणीही जगून काय उपयोग असं बोलत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा फुकट आणि चोवीस तास आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही आपल्याला लांब नाही.

सोमवारी दुपारच्या आत घरी पोचा आणि बुधवारपर्यंत बैठक ठेवू नका. फोन पिशवीतून घेतल्यावर गाडीतच ग्रुप उघडायचा नाही. घरी जेवून मग. ग्रुपवर फोटोही टाकू नका. "आम्हाला का नाही नेलं" यावर पुढचे आठ दिवस जातील.

राहता राहिले तुमचे ज्येष्ठ. पळणारा माणूस मागे कोण काय सांभाळणार याची यादी करून जात नाही, एवढं त्यांना सांगा आणि वाद थांबवा. ते आलेच पाहिजेत असा आग्रह धरू नका. मनाविरुद्ध आणलेला माणूस शुक्रवारी रात्रीच 1986 च्या आंदोलनावर बोलायला लागतो, आणि मोठ्यांना गप्प बसा म्हणायची आपल्यात पद्धत नाही. त्या चार दिवसांत गावाकडे बघायला कुणीतरी हवंच आहे. ते त्यांच्याकडे सोपवा, लेखी.